पूर्ण झालेला लेखक

१

मागच्या खोलीला दार होतं की नुसता जाड पडदा, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. माझ्याबरोबर काम करणारी सित्त तफीदा, म्हणजे तफीदाबाई, असती तर तिने लगेच सांगितलं असतं, पण ती गेली. कधी दाराची गार कडी बोटांना आठवते, कधी पडद्याचा धुळकट वास. दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नाही. किंवा असेलही, दार ओलीने फुगलं म्हणून काढलं असेल आणि मग पडदा लावला असेल. माझी आठवण ही अशी आहे, हे वाचणाऱ्याने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावं. बाकीच्या गोष्टींबद्दल मला एवढी शंका नाही. असती तर बरं झालं असतं.

आमचं प्रकाशन विद्यापीठाचं होतं आणि अगदी छोटं. नदीमुखाच्या डेल्टातल्या एका शहरात, वाङ्मय शाखेच्या इमारतीच्या तळघरात आमच्या दोन खोल्या. पुढची कामाची, मागची न खपलेल्या पुस्तकांची. राष्ट्रीय साहित्यावरचे अभ्यासग्रंथ आम्ही काढत असू, आणि नुकतेच, बरीच भांडणं होऊन, लोकप्रिय कादंबरीवरचेही काढू लागलो होतो. खिडक्या फुटपाथच्या पातळीला होत्या. त्यातून माणसं दिसत नसत, त्यांचे पाय दिसत. तफीदा जोड्यांवरून माणूस ओळखायची.

"डीनसाहेब आले," ती म्हणायची. "पॉलिश केलंय. म्हणजे बायको माहेरून परतली."

तफीदाचं काम मोठ्याने वाचण्याचं. ती मूळ हस्तलिखित वाचायची आणि मी समोर बसून छापखान्याच्या प्रुफावर नजर फिरवायचो. परिच्छेद जुळला की मी पेन्सिलीने टेबलावर एकदा ठोकायचो: पुढे वाचा. पान संपलं की दोनदा: झालं, उलटा. मधे कुणी बोलायचं नाही. ही रीत आमच्या आधीपासून चालत आलेली होती आणि तिच्यात मला फार बरं वाटायचं. घरी बायको काही सांगत असली की माझी बोटं नकळत ताटाच्या कडेवर एकदा वाजत. ती चिडायची.

२

त्या हिवाळ्यात आमच्या हातात इन्शिराहचा ग्रंथ होता. इन्शिराह आमच्याच शाखेत शिकवायची, हंगामी नेमणुकीवर. तिने हिल्मी अल-बरमूनी यांच्यावर लिहिलं होतं. हे नाव आज कुणाला आठवणार नाही, पण माझ्या लहानपणी त्यांच्या खिशात मावणाऱ्या रहस्यकथा प्रत्येक रेल्वे फलाटावर मिळत. मुखपृष्ठावर लाल पोशाखातली बाई आणि तिच्यामागे भिंतीवर कुणाची तरी सावली. मी त्या भूमितीच्या पुस्तकात लपवून वाचल्या होत्या. इन्शिराहने त्या उघडपणे वाचल्या, आणि त्यांतून एक शहाणं, सुंदर पुस्तक लिहिलं. वसंतात नेमणूक समिती बसणार होती. तोवर छापील पुस्तक समितीच्या टेबलावर आलं तर ती कायम होणार होती, नाहीतर तिला गावी परत जावं लागणार होतं. गावी तिच्या लग्नासाठी एक चुलतभाऊ ठरवून ठेवलेला होता. हे ती सांगत नसे. तफीदा सांगायची.

अडचण एकच होती. विद्यापीठाचा जुना नियम असा, की हयात लेखकावर ग्रंथ काढायचा नाही.

"जिवंत माणसाचा काय भरवसा?" आमचे संचालक म्हणत. "उद्या काहीतरी भलतंच लिहील आणि आपला निष्कर्ष तोंडावर आपटेल. लेखक आधी पूर्ण झाला पाहिजे."

म्हणून प्रत्येक ग्रंथाच्या पहिल्या पानावर लेखकाचं जन्मवर्ष आणि मृत्युवर्ष, आणि अगदी शेवटच्या वाक्यात पुन्हा मृत्युवर्ष असायचंच. बरमूनींचं जन्मवर्ष मिळालं, १९०४. मृत्युवर्ष मिळेना. कित्येक वर्षांत त्यांचं काही छापलेलं नव्हतं आणि त्यांचा प्रकाशकही दुकान बंद करून गेला होता. मी स्टेशनवरच्या पुस्तकवाल्याला विचारलं.

"बरमूनी? अल्ला त्यांच्यावर दया करो. गेले ना ते," तो म्हणाला. "सदुसष्टच्या युद्धानंतरच्या वर्षी. मी स्वतः ऐकलंय."

शेजारी तीळ लावलेले गोल पाव विकणाऱ्या सिमीतवाल्यानेही मान हलवली. बिचारा भला माणूस होता, असंही म्हणाला. इन्शिराह माझ्याबरोबर फलाटावर उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिथेच टिपून घेतलं: १९६८.

यात खोटं असं काही नव्हतं. दोन माणसांनी सांगितलं होतं. त्याहून कमी पुराव्यावर मी खलिफांची वर्षं ठरवलेली आहेत.

३

पहिली प्रुफं आली त्याच सुमारास, एका पावसाळी सकाळी, खिडकीबाहेर एक जोडा येऊन थांबला. पांढरा आणि तपकिरी, दोन रंगांचा, जुन्या सिनेमातला. टाचांना नवं कातडं ठोकलेलं.

"हे पाय आपल्याकडचे नाहीत," तफीदा वाचता वाचता थांबून म्हणाली. "नाच शिकवणारा असेल, नाहीतर दातांचा डॉक्टर."

जोडे पायऱ्या उतरून आत आले. वर एक बारीक, ताठ म्हातारा होता, गळ्यात तपकिरी मफलर आणि हातात संत्र्यांची जाळीची पिशवी.

"विद्यापीठ बरमूनीवर ग्रंथ काढतंय म्हणे," तो म्हणाला. "छापखान्यातला एक जण माझा वाचक आहे. त्याने सांगितलं."

"आपण कोण?" मी विचारलं.

"मी? मी तो मेलेला."

तफीदाच्या हातातून पान खाली पडलं. मग ती एवढ्या जोरात हसली की तिला ठसका लागला. "बसा, बसा उस्ताद. मेलेल्यांना चहा चालतो का?"

"तीन चमचे साखर. आता कुठल्या रोगाला भ्यायचं?"

मला हसू येत नव्हतं. मी त्यांना नियम समजावून सांगितला, अडखळत, दोनदा. ते संत्रं सोलत ऐकत होते.

"म्हणजे मी जिवंत असलो तर पुस्तक नाही?"

"नियम तसा आहे, उस्ताद."

"आणि त्या पोरीची नोकरी?"

"जाईल."

त्यांनी संत्र्याच्या फोडी केल्या, एक तफीदाला दिली, एक मला. "डॉक्टर, मी आयुष्यभर लिहिलं. माझ्या बायकोनेसुद्धा कधी एक पान वाचलं नाही. वर्तमानपत्रात माझं नाव एकदाच आलं, पाकीट मारलं गेलं तेव्हा. आणि तुम्ही अख्खा ग्रंथ काढताय! राहू द्या की ते वर्ष. माझ्यामागे रडायला कुणी नाही, कोर्टात जायला कुणी नाही. मी कुणाला बोलणार नाही. मेलेला माणूस कसा बोलेल?"

मी पुढे काहीतरी बोलायला हवं होतं.

"एकच अट आहे," ते म्हणाले. "मला तो ऐकायचाय."

४

त्यांना कुणी पाहू नये म्हणून आम्ही त्यांची खुर्ची मागच्या खोलीत मांडली, न खपलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये. त्या खोलीला खिडकी नव्हती. दुसरं दारही नव्हतं. दार, किंवा पडदा, आम्ही हातभर उघडं ठेवायचो. तफीदा वाचायची, मी प्रुफ बघायचो, आणि आतून ते ऐकायचे. इन्शिराहला मी काहीच सांगितलं नाही. तिला माहीतच नसेल तर तिच्यावर कसला ठपका येणार, असा माझा विचार. आपला विचार किती चांगला आहे याचं मला त्या वेळी समाधानही वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक पेन्सिल मागून घेतली. मग परिच्छेद संपला की माझी एक ठोक, आणि लगेच आतून त्यांची एक. तफीदाला त्याची गंमत वाटे. ती वाक्यं रंगवून वाचू लागली, रेडिओवरच्या बायकांसारखी.

"'कथनातील विलंबाचं तंत्र' म्हणजे काय हो?" दुपारी बाहेर येऊन ते विचारायचे. बाह्या धुळीने पांढऱ्या झालेल्या असायच्या. "प्रकाशकाला पानं कमी पडायची, म्हणून मी इन्स्पेक्टरला कॉफी प्यायला लावायचो. त्यात एवढं होतं?"

"सगळ्यात काहीतरी असतं, उस्ताद," तफीदा म्हणायची. "आमच्या डॉक्टरसाहेबांच्या गप्प बसण्यातसुद्धा असतं. फक्त ते कुणाला सापडलेलं नाही."

एक गोष्ट मी त्यांना विचारली. पान संपलं की मी दोनदा ठोकायचो, ते मात्र एकदाच. रीत सांगितली तरी एकदाच.

"मला पुढचं ऐकायचं असतं," ते म्हणाले. "संपल्याचं तुम्ही ठरवा. शेवट मला कधी जमलेच नाहीत."

५

चुकीचं काहीतरी आहे हे आधी तफीदाच्या लक्षात आलं.

"डॉक्टर, आपला दरवान मांजरालासुद्धा सलाम ठोकतो," ती एका सकाळी हळूच म्हणाली. "आज उस्ताद त्याच्यासमोरून गेले. त्याने पाय हलवला नाही. त्यांना त्याच्या पायावरून जावं लागलं."

"झोपेत असेल."

"सिगरेट ओढत होता."

बरमूनी स्वतः या गोष्टी विनोदाने सांगत. स्टेशनवरचा पुस्तकवाला त्यांना वर्तमानपत्र देईना. हात पुढे केला तर मागच्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळा झाला. घरमालकीण भाडं मागायला आली नाही. "मेल्याचा हा फायदा मला कुणी सांगितलाच नव्हता," ते म्हणाले, आणि तफीदा हसली, पण पहिल्या दिवशीसारखी नाही.

मग चहा. तफीदा त्यांचा ग्लास आत नेऊन ठेवायची आणि संध्याकाळी तो तसाच परत यायचा, वर काळपट साय धरलेला. साखर तळाशी, न ढवळलेली. मी ठरवलं की म्हाताऱ्या माणसाची भूक मेलेली असते. माझ्या वडिलांचीही शेवटी अशीच मेली होती. प्रत्येक गोष्टीला असं एक कारण मिळत होतं. एकेक कारण धडधाकट होतं. सगळी मिळून मात्र मला दुपारी जेवण जात नव्हतं.

ग्रंथाचं पहिलं पान, ते वर्ष असलेलं, आम्ही तोवर छापायला सोडलेलं होतं. शेवटचं तेवढं उरलं होतं.

६

एका दुपारी ते बाहेर येऊन रॉकेलच्या शेगडीपाशी उभे राहिले. तफीदा बाहेर ओव्हरकोटाची बटणं शिवून घ्यायला गेली होती. त्यांनी हात शेगडीवर धरले होते, फार जवळ. मी म्हणालो, "उस्ताद, भाजेल."

"हो का?" त्यांनी हात मागे घेतले आणि पालथे करून पाहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, ते वर्ष काढता येईल?"

मी प्रुफाकडे बघत राहिलो.

"नुसता आकडा काढा. शेवटच्या पानावरचा तरी. जागा कोरी सोडा. कोण बघतंय?"

"काय झालं?"

"काल शेजाऱ्याने माझं कुलूप तोडलं. माझ्या खोलीत त्याच्या मुलीचं लग्नाचं सामान लावत होता. मी दारात उभा. म्हटलं, बाबा रे, मी राहतो इथे. त्याने दार लावून घेतलं. मला ढकललं नाही. ओरडला नाही. ओरडला असता तर मी काही म्हटलं नसतं. वाऱ्याने उघडलेलं दार आपण कसं लावतो, तसं लावलं."

समितीची बैठक तोंडावर आली होती. वर्ष काढलं तर संचालक शिक्का मारणार नाहीत, हे मला माहीत होतं. ते सगळ्यात आधी तेच बघत. मी म्हणालो, "पुस्तक एकदा निघू द्या, उस्ताद. दुसऱ्या आवृत्तीत मी स्वतः दुरुस्त करतो."

"दुसऱ्या आवृत्तीत," ते म्हणाले. त्यांनी मान वळवून मागच्या खोलीकडे पाहिलं. गठ्ठे छतापर्यंत गेलेले होते. आमच्या कुठल्याही पुस्तकाची दुसरी आवृत्ती आजवर निघालेली नव्हती.

तेवढ्यात खिडकीत इन्शिराहचे चपटे काळे बूट दिसले आणि ती भिजलेली आत आली. मला वाटलं ते आत पळतील. ते जागचे हलले नाहीत. शेगडीपाशी, तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले. तिने ओला रुमाल शेगडीवर धरला, त्यांच्या आणि माझ्या मधोमध.

"झालं का, डॉक्टर? मला रात्रभर झोप नाही. आई रोज विचारते, मी रोज उद्या म्हणते."

"पोरी," ते म्हणाले, "फार छान लिहिलंयस."

तिने रुमाल उलटा केला. तिला लांबचं कमी दिसायचं. उजेडही कमी होता. कुणी कारकून काहीतरी पुटपुटतोय असं समजून तिने दुर्लक्ष केलं असेल. मी हे सगळं त्या एका क्षणात स्वतःला सांगितलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. मी 'हे बरमूनी' एवढे दोन शब्द म्हणावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि आजही मला वाटतं की तेवढे पुरले असते.

"झालंच," मी इन्शिराहला म्हणालो. "परवा सही करतो."

७

त्यानंतर ते जोडे खिडकीत दिसले नाहीत.

तफीदा सकाळपासून पायांवर लक्ष ठेवून होती. विद्यार्थ्यांचे कॅनव्हासचे बूट, शिपायाच्या चपला, डीनसाहेबांचे, आता न पॉलिश केलेले. दोन रंगांचे नाहीत. आम्ही मागच्या खोलीत डोकावलो. रिकामी खुर्ची, खुर्चीवर जाळीची पिशवी, तिच्यात एक संत्रं सुकून लाकडासारखं झालेलं. मला हलकं वाटलं, हे मी लपवणार नाही. रागावून गेले असतील. रागावलेला माणूस कुठेतरी असतो.

आम्ही वाचायला बसलो. पहिला परिच्छेद संपला. मी ठोकलं.

आतून ठोक आली.

तफीदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पाण्याचे पाइप. थंडीने आकसतात."

तिने दुसरा परिच्छेद वाचला. मुद्दाम मधेच थांबली, वाक्य अर्धं ठेवून. काही नाही. पुढचं वाचलं, परिच्छेद संपवला. मी पेन्सिल उचललेलीही नव्हती. आतून एकदा.

"पाइपांना परिच्छेद कळतात?" ती म्हणाली.

आवाज खुर्चीच्या जागेवरून येत नव्हता. खुर्ची मला फटीतून दिसत होती. तो तिच्या डावीकडून येत होता, जिथे गठ्ठे भिंतीला टेकवून लावलेले होते. जाड, कोंदट आवाज. कागदांच्या आतून आल्यासारखा. उंदीर असतील, मी म्हणालो. तफीदाने वाद घातला नाही. तिने चष्मा पुसला आणि वाचू लागली, भराभर, सपाट आवाजात, रेडिओवरच्या बायकांसारखं अजिबात नाही. दुपारी ती म्हणाली, "डॉक्टर, त्यांच्या घरी जाऊन या ना."

"उद्या सही झाली की जातो."

"आज जा."

मी गेलो नाही. त्यांचा पत्ता मी कधी विचारलेलाच नव्हता. छापखान्यातल्या त्या वाचकाला विचारता आलं असतं. हे सुचलं होतं की नाही, तेवढं मात्र मला नक्की आठवत नाही.

८

शेवटचं पान आम्ही सकाळीच घेतलं. ऊन पडलं होतं, खिडकीतून पायांच्या सावल्या टेबलावर येत होत्या. इन्शिराह वर संचालकांच्या खोलीबाहेर बसून होती. मी सही करायची, पान वर पाठवायचं, संचालक शिक्का मारणार. एवढंच उरलं होतं.

तफीदाने वाचलं. परिच्छेदागणिक आतून एक ठोक येत होती, आणि ती आता अगदी वेळेवर येत होती, माझ्याआधी नाही की नंतर नाही, जणू आम्ही दोघं एकाच हाताने ठोकत होतो. शेवटचं वाक्य मला पाठ आहे. 'हिल्मी अल-बरमूनी यांचं लेखन त्यांच्याबरोबरच, १९६८ साली, पूर्ण झालं.'

तफीदाने कागद खाली ठेवला. मी दोनदा ठोकलं. झालं.

आतून एकदा.

आम्ही थांबलो. बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मी पुन्हा दोनदा ठोकलं, जोराने. आतून पुन्हा एकदा. पुढे वाचा.

"काही नाहीये हो पुढे!" तफीदा दाराकडे तोंड करून ओरडली. तिचा आवाज फाटला. "उस्ताद, संपलं! एवढंच आहे!"

एकदा.

"डॉक्टर, तो आकडा खोडा," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. खोडा आणि मग सही करा."

मी उठून आत गेलो. दार उघडलं, किंवा पडदा सारला. खुर्ची तिथेच, पिशवी तिथेच. डावीकडे गठ्ठे, छतापर्यंत, भिंतीला लागून. दोन गठ्ठ्यांच्या मधे एक फट होती, वीतभरही नाही. फटीच्या मागे भिंत, त्यामुळे तिच्यात काही मावण्याचा प्रश्नच नव्हता. मी वाकून पाहिलं. आधी तपकिरी लोकरीची कड दिसली. मला वाटलं कुठल्यातरी पुस्तकाची बांधणी उसवली आहे. मग तिच्या खाली, माझ्या कमरेच्या उंचीवर, पेन्सिल धरलेली बोटं. ती पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर टेकलेली होती आणि वाट पाहत होती. आणखी वर बघायला हवं होतं. वर, तोंड असतं तिथे. मी वर पाहिलं नाही.

मी बाहेर आलो.

"कोण आहे?" तफीदाने विचारलं.

"कुणी नाही."

मी हात खिशात घातला. पायऱ्यांवरून इन्शिराहचा आवाज आला, "डॉक्टर, साहेब निघायच्या घाईत आहेत, पान झालं का?" मी बसलो, खिशातून पेन काढलं आणि शेवटच्या पानाच्या तळाशी लिहिलं: 'छापायला हरकत नाही.' खाली सही केली. माझी सही तोवर कधी इतकी स्वच्छ आली नव्हती.

तफीदाने महिन्याभरात बदली मागून घेतली. माझ्याशी ती त्यानंतरही बोलायची, कँटीनमध्ये, नातवंडांबद्दल, बाजारभावांबद्दल. त्याबद्दल कधीच नाही. मी मागच्या खोलीतले गठ्ठे हलवायला कधी सांगितले नाहीत, आणि निवृत्त होईपर्यंत प्रुफं घरी नेऊन मनातल्या मनात वाचली.

९

इन्शिराह कायम झाली. पुढे प्राध्यापक झाली, शाखेची प्रमुख झाली, आणि कित्येक मुली तिच्या हाताखाली शिकल्या. हे पारड्यात टाकायचा मी प्रयत्न केलेला आहे. मागच्या वर्षी तिचा फोन आला. आता तीही म्हातारी. तिच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती. खरोखरच.

"डॉक्टर, ते मृत्युवर्ष आपण कुठून घेतलं होतं?" तिने विचारलं. "नवे संपादक दाखला मागतायत."

मी म्हणालो, मी बघतो.

बरमूनींचं जन्मगाव पुस्तकातच होतं. भाच्याने मला गाडीतून तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात नेलं. काचेमागे हिजाब घातलेली तरतरीत मुलगी संगणकासमोर बसली होती. मी नाव सांगितलं, वर्ष सांगितलं.

"जन्माची नोंद आहे, हाजी," ती म्हणाली. "मृत्यूची नाही."

"अडुसष्ट साली बघा."

"सगळीकडे बघितलं. आमच्या लेखी ते हयात आहेत. अल्ला त्यांना आणखी आयुष्य देवो." ती हसली, मग मान तिरकी करून माझ्याकडे बघू लागली. "तुम्ही त्यांच्या नात्यातले का? मग बरं झालं आलात. त्या दुसऱ्या आजोबांना काहीतरी सांगा बाई."

"कोण आजोबा?"

"दर हिवाळ्यात येतात. मी लागायच्या आधीपासून. ह्यांच्या मृत्यूची नोंद करून घ्या म्हणतात. कागद काय आणला म्हटलं की एक पुस्तक पुढे करतात. शेवटचं पान उघडून. इथे छापलंय म्हणतात. आता पुस्तकावरून नोंद होते का? म्हटलं, डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर मयताला ओळखणारा एक माणूस आणा, सही करायला. तर म्हणतात, सही झालेली आहे."

"दिसतात कसे?"

"म्हातारेच. तुमच्याहून लहान असतील. मफलर. आणि जोडे, आमच्या इथली सगळी बघायला उठतात, असले दोन रंगांचे."

मी काचेला हात टेकवला होता. "मग? नाही म्हटल्यावर काय करतात?"

"काही नाही, बिचारे भांडत नाहीत. पेन्सिलीने असं करतात आणि जातात."

तिने टेबलावरचं पेन उचललं आणि माझ्या हाताशेजारी, काचेच्या पलीकडून, ठोकून दाखवलं.

"एकदाच?" मी विचारलं.

"एकदाच."